चिमी ही बाई नसल्याबाबत

बुवापाडा, अंबरनाथ (पूर्व)
गौरी बोळवल्या त्याचा तिसरा दिवस

कोंडाजी भाऊजींना बनूवैनीचे आशीर्वाद. (तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे, मी ब्याऐंशीची, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क अजून माझ्याकडेच आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल, माझे गुडघे सोडून. तुमचा मोतीबिंदू, तुमची ती म्हातारी गाय आणि तुमचे कान, या सगळ्यांची खुशाली कळवावी. कानांची मुद्दाम विचारते, कारण पत्र लिहायची पाळी त्यांच्यामुळेच आली. फोन केला असता, पण मागच्या खेपेला मी सांगितलं की आमचा अण्णा न्हाणीत घसरला आणि त्याचा हात मोडला, तर तुम्ही म्हणालात, हो हो, वा वा, पेढे पाठवा, आणि ठेवून दिलात. अण्णा हात गळ्यात बांधून समोरच बसला होता. पोटच्या पोरासारखं खेळवलंत त्याला, म्हणून त्याने ते पोटात घातलं. वीस वर्षं बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकणाऱ्या फायरमनला फोनवर ऐकू यावं ही अपेक्षाच चूक. तेव्हा हे पत्र.

मी सांगतेय आणि माझी सून, अण्णाची बायको सुहासिनी, लिहून घेतेय. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे मी एक बोलते आणि ती ते शुद्ध करून दुसरंच काहीतरी लिहिते असा माझा दाट संशय आहे, पण मी तपासणार कशी? मला अक्षर म्हणजे शेणाच्या गोवरीवरची बोटं. (जे बोलताहेत तेच लिहिते आहे. पुराव्यासाठी वरची गोवरी तशीच ठेवली आहे. सुहासिनी.) बघा, माझ्या पत्रात हिचे कंस. माझ्या स्वयंपाकघरात हिचा मिक्सर आला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तुमच्या नातवाच्या लग्नाचे फोटो बघितले. नातसून गोड आहे, नाकाने जरा तुमच्यावर गेली असं म्हणणार होते, पण ती तुमच्या घरची नव्हे. तिचं नाव बदललं नाहीत हे ऐकून बरं वाटलं. आमच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. यांनी लिहिलं, सगळ्यांनी माना वेळावून वाचलं, बायका वा म्हणाल्या, आणि मी आपली खाली मान घालून तांदूळ बघतेय की बाई, जाडा आहे की बारीक. भटजींनी मोठ्याने वाचेपर्यंत त्या सगळ्या मांडवात माझं नाव ठाऊक नसलेली मी एकटीच होते. मग त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. असो. विषय नातसुनेचा होता.

आता मूळ गोष्ट. अंबरनाथहून गेलेल्या कुणीतरी तुम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला असेल आणि तुम्ही तेव्हापासून विचारात पडला असाल की आपल्या ड्रायव्हर शंकररावांनी दोन लग्नं कधी केली, आणि आपण त्यांच्याबरोबर वीस वर्षं एकाच पत्र्याखाली उभे असून आपल्याला पत्ता कसा लागला नाही. भाऊजी, ऊर बडवू नका. तो सगळा प्रकार सांगते, सावकाश वाचा.

आपली कंपनी बंद पडली हे तुम्हाला माहीत आहे. शेडच्या मागे आपलं इंजिन इतकी वर्षं गवतात उभं होतं. धुराड्यातून पिंपळ आला होता, आणि ज्या तोंडात तुम्ही फावड्याने कोळसा घातलात त्यात मुंगसाचं बिऱ्हाड होतं. मग जागा विकली गेली, पालेगावकडे जसे टॉवर उभे राहिलेत तसे तिथेही उभे राहिले, आणि टॉवरांच्या बाहेर बाग करून तिच्यात आपलं इंजिन लोकांना बघायला ठेवायचं असं ठरलं. नाहीतर ते भंगारात तुकडे होऊन गेलं असतं, तेव्हा ज्याने कुणी हे ठरवलं त्याचं भलं होवो. त्यासाठी बाष्प इंजिन जतन समिती नेमली. समितीत सात माणसं, आणि सातांपैकी एकानेही जन्मात वाफेचं इंजिन चालताना बघितलेलं नाही. एकाला तर ते डिझेलवर चालतं असंच वाटत होतं आणि टाकी कुठाय ती शोधत तो दोनदा चाकाखाली जाऊन आला.

या समितीचा चिटणीस गंधार. पस्तिशीचा, दाढी राखलेला, पालेगावला एकविसाव्या मजल्यावर राहणारा. पोरगा सज्जन आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार नाही. त्याला कुणीतरी सांगितलं की या इंजिनाच्या ड्रायव्हरची बायको बुवापाड्यात जिवंत आहे, तर तो आला, माझ्या पाया पडला, चहा नको म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवून म्हणाला, आजी, मनात येईल ते बोला. भाऊजी, मला असं आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. सुहासिनी त्या दिवशी माहेरी होती आणि अण्णा हाताच्या प्लास्टरसाठी दवाखान्यात. मला अडवायला घरात कुणी नव्हतं. मी दोन तास बोलले.

माझी बोलायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. त्या इंजिनाला मी जन्मभर सवत म्हणत आले, कंपनीच्या गेटवर उभी राहून तुमच्यादेखत म्हणायची. तेच सांगितलं. म्हटलं, यांची पहिली बायको चिमी. मी आपली डबा पोचवणारी. पहाटे उठून हे आधी चिमीकडे जायचे, तिला न्हाऊ घालायचे, पुसायचे, तिच्या सांध्यासांध्यात तेल घालायचे, आणि माझ्या डोक्याला कधी थेंबभर चोपडलं नाही. चिमी पाणी फार प्यायची. अंग सदा तापलेलं. रागावली की सूं सूं करायची आणि मनात आलं की शिट्टी मारायची. एका दमात बारा बारा वाघिणी ओढून आणायची. आणि चिमी गेली (म्हणजे कंपनीने तिचा विस्तव कायमचा विझवला) तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले ते माझ्या डब्यातली भेंडी आवडती म्हणून नव्हे, तर भूक लागली म्हणून. गंधार मान हलवत ऐकत होता. मधेच त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, काय हळवा पोरगा आहे, इंजिनासाठी रडतो.

आता तुम्ही म्हणाल, शिट्टी मारणारी, वाघिणी ओढणारी बाई कुठे असते? भाऊजी, एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे कोण सांगणार? त्याच्यासाठी वाघीण म्हणजे पट्ट्यांची. पुढे त्याने पुस्तिका छापली, तिच्यात लिहिलं की चिमीबाई वाघिणीच्या काळजाच्या होत्या आणि त्या काळातही शिट्टी वाजवण्याइतक्या मोकळ्या विचारांच्या होत्या. (पान चार. 'दीर्घ आजारपणात त्यांचे अंग सतत तापलेले असे' असेही आहे. सुहासिनी.)

पण ते नंतर. आधी समितीने इंजिन दुरुस्त करायला घेतलं. पुढचा मोठा दिवा कधीच चोरीला गेला होता. तसाच दिवा मिळतो का बघायला गंधार मला रिक्षात घालून उल्हासनगरला घेऊन गेला, चंदर नावाच्या सिंधी दुकानदाराकडे. चंदर जुने दिवे, भोंगे, घंटा असलं विकतो. मी म्हटलं, असा असा दिवा होता, कडेला पितळेची पट्टी. तो शांतपणे म्हणाला, माँजी, नया चाहिए तो अभी ले जाओ. पुराना चाहिए तो दो दिन लगेंगे, बनाना पड़ेगा. मला हा माणूस फार आवडला. सात माणसांच्या समितीत एवढं खरं बोलणारा एक असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. दोन दिवसांनी दिवा आला तो इतका जुना होता की मूळ दिवा त्याच्यापुढे पोरगेला वाटला असता.

मग रंग. रंगाऱ्याने आधी जुना गंज खरवडून काढला. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले (सवय, दुसरं काय, रंगाऱ्यांनी खाल्ला) तर ड्रायव्हर उभा राहायचा त्या बाजूचा पत्रा लख्ख चकचकीत. तिथे तुम्ही पांढऱ्या रंगाने नाव काढलं होतंत ना, चिमी म्हणून, ते गेलं. गंजाबरोबर खरवडलं गेलं. मी रंगाऱ्याला विचारलं, इथे दोन अक्षरं होती ती काय केलीत? तो म्हणाला, आजी, डाग होता, काढला. मला उभ्या आयुष्यात ओळखू येणारी अक्षरं तेवढीच. दर खंडेनवमीला कंपनी आम्हा बायकांना आत सोडायची, यंत्रांची पूजा व्हायची, आणि मी त्या दोन अक्षरांना हळदकुंकू लावायची. पहिल्या अक्षराचा पदर डोक्यावरून डावीकडे पडतो, दुसऱ्याचा उजवीकडे. जशा दोघी बायका पाठीला पाठ लावून बसल्यात. इतकी वर्षं बोट फिरवलं की डोळे मिटून काढता येतं. तर ते गेलं, आणि त्या जागी समितीने सोनेरी रंगात नवं नाव घातलं, अंबर क्वीन. त्यासाठी मोबाइलवर मतदान घेतलं म्हणे. चिमीला उभंच केलं नव्हतं, नाहीतर डिपॉझिट वाचवलं असतं.

इंजिन बागेत आणायचा दिवस तर सांगण्यासारखा. क्रेन आली, लांबच्या लांब ट्रेलर आला, आणि चिमी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाठीवर बसून निघाली. बुवापाड्याच्या वळणाला धुराडं केबलच्या वायरींत अडकलं. गंधारची माणसं बांबूने वायरी उचलायला लागली, एक उचलली की दुसरी खाली, आणि शेवटी एक तुटली ती नेमकी अशी की अर्ध्या बुवापाड्याच्या टीव्हीवर ऐन मालिकेच्या वेळी मुंग्या. घराघरातून बायका लाटणी हातात धरून बाहेर आल्या. त्यांना वाटलं होतं कुणीतरी मेलंय, निघालं इंजिन. मग ट्रेलर तीन तास तिथेच, आणि त्या तीन तासांत प्रत्येकीने चिमीबरोबर फोटो काढून घेतला, वायर विसरल्या. पुढे बागेत पोचल्यावर नवा घोळ. उतरवून ठेवलं तर इंजिनाचं तोंड दक्षिणेला. समितीतले एक काका म्हणाले, दक्षिणेला तोंड अशुभ, यमाची दिशा. दुसरे म्हणाले, मग कर्जतला जाणाऱ्या सगळ्या गाड्या काय यमाकडे जातात? क्रेनवाला बिचारा दोरखंड धरून उभा. शेवटी मला विचारलं, आजी, ही कुठे तोंड करून चालायची? मी म्हटलं, जाताना तोंड पुढे करून जायची, येताना पाठ पुढे करून यायची. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही, तुम्हालाच काय वाटतंय? तरी फिरवलं. आता तोंड उत्तरेला आणि समोर बरोबर सार्वजनिक शौचालय.

आणि मग पंधरा ऑगस्टला उद्घाटन. मांडव, खुर्च्या, पाहुणे. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली (तीच शाल आता सुहासिनीच्या फ्रिजवर आहे, (धूळ बसते म्हणून. सुहासिनी.) तिच्या फ्रिजला माझ्याहून थंडी जास्त). इंजिनासमोर काळा दगड बसवलेला, त्याच्यावर पडदा, आणि दोरी माझ्या हातात. मी ओढली. टाळ्या. मी आपली दगडाकडे बघतेय, सगळं काळ्यावर पांढरं, किडे फिरल्यासारखं, आणि अचानक मधोमध मला त्या दोघी दिसल्या. पाठीला पाठ लावून बसलेल्या. पदर डावीकडे, पदर उजवीकडे. इंजिनावरून खरवडल्या गेलेल्या त्या इथे येऊन बसल्या होत्या. मी सुहासिनीला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, बघ, चिमीचं नाव घातलंय, शहाणा आहे गंधार. आणि यात माझं कुठलं ग? सुहासिनीने वाचलं आणि तोंडाला पदर लावला. अण्णाने वाचलं आणि त्याचा प्लास्टरमधला हातसुद्धा लाल झाला.

(दगडावरचा मजकूर जसाच्या तसा: 'या इंजिनाचे चालक कै. शंकरराव व त्यांच्या प्रथम पत्नी कै. चिमीबाई यांच्या पवित्र स्मृतीस. विशेष सहकार्य: श्रीमती बनूबाई (डबा).' सुहासिनी.)

आम्हाला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात पाहुणे माइकवर आले. त्यांनी गंधारची पुस्तिका वाचली होती, पान चारसकट. चिमीबाईंच्या त्यागावर ते पंधरा मिनिटं बोलले. आजच्या स्त्रियांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घ्यावी म्हणाले. मग म्हणाले, आपण सर्वांनी उभं राहून कै. चिमीबाईंना दोन मिनिटं शांत राहून श्रद्धांजली वाहू या. आणि भाऊजी, अख्खा मांडव उभा राहिला. समोर चिमी ताजा रंग लावून, उल्हासनगरचा दिवा कपाळावर घेऊन उभी, आणि तिच्या पुढ्यात तीनशे माणसं माना खाली घालून तिला वाहताहेत श्रद्धांजली. एक पोलीससुद्धा टोपी काढून उभा. अण्णा काहीतरी बोलायला गेला तर मागच्याने त्याला गप्प केलं, श्रद्धांजली चालू आहे म्हणून. मीही उभी राहिले. मान मिळतोय तर गुडघ्यांकडे बघून चालत नाही.

घरी आलो तर बुवापाड्यातल्या बायका समाचाराला हजर. इतकी वर्षं सवतीचं दुःख पोटात ठेवलंत बनूबाई, कुणाला कळू दिलं नाहीत. सदूची आई तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, मी बघितलेली तुमच्या सवतीला, एकदा कंपनीच्या गेटवर, गोरीपान होती. जन्मभर कोळसा खाणारी, तिला ही गोरीपान म्हणते. मी म्हटलं, हो, अंगाने जरा थोराड. ती म्हणाली, तेच ते. अण्णाने फोनवर खरं काय ते सांगितलं, तसा दुसऱ्या दिवशी गंधार आला, कान धरले, रडकुंडीला आला. मी त्याला जेवायला वाढलं. काय करायचं, विशेष सहकार्यात माझा डबा लिहिलाय, द्यायलाच हवा.

तर असं आहे सगळं. शंकररावांनी दुसरं लग्न केलेलं नाही, एकच केलं आणि तेही पुरून उरलं. तुम्ही मनातली शंका काढून टाका, गाईला चारा घाला, कानात तेल घालू नका. तुमच्या सौभाग्यवतीला नमस्कार नव्हे, आशीर्वाद, ती माझ्याहून लहान आहे हे ती विसरते. पोराबाळांना आशीर्वाद, नातसुनेला माझ्यातर्फे तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. पत्राखाली सुहासिनी माझं नाव लिहितेय, ते मी लिहिलंय असं समजू नका.

तुमची वैनी,
बनूबाई

ता. क. सोबत एक टाईप केलेला कागद आहे, तो अण्णाने करून घेतलाय. अण्णाला रात्रंदिवस तो दगडच दिसतो. म्हणतो, बाबांच्या नावाला बट्टा आणि आईचं नाव डब्यावर. नवा दगड बदलापूरला करायला टाकायचा ठरलंय, मजकूर 'चालक कै. शंकरराव व त्यांच्या पत्नी श्रीमती बनूबाई', आणि तो खंडेनवमीला बसवायचा. पण समिती म्हणते, ज्या नावाला एवढ्या मोठ्या माणसाने श्रद्धांजली वाहिली ते नुसतं सांगोवांगी कसं खोडायचं? उद्या चिमीबाईंच्या माहेरचं कुणी आलं म्हणजे? तेव्हा त्या इंजिनावर काम केलेल्या माणसाने लिहून द्यावं. तसा आता तुम्ही एकटेच उरलात. कागदावर लिहिलंय की मी कोंडाजी, माजी फायरमन, शपथेवर सांगतो की चिमी ही बाई नसून इंजिन होते. खाली सही करा आणि परतीच्या पाकिटात घालून नवरात्र बसायच्या आत पाठवा. खरं म्हणजे पत्र त्याचसाठी होतं, बाकीचं मी आपलं सुहासिनीचा हात मोकळा व्हावा म्हणून सांगितलं.

ता. क. दोन. सही करताना तारीख घाला. आणि तुमच्याकडचं कोकमाचं आगळ उरलं असेल तर एक बाटली. पाकीट मीच चिकटवीन, सुहासिनीला उठायचंय, तिचा कुकर लागला आहे. (तीन शिट्ट्या झाल्या. आता आमच्या घरात शिट्टी झाली की आमचे हे चिमीबाईंची आठवण काढून हात जोडतात. सुहासिनी.)

ता. क. तीन. भाऊजी, हे अक्षर वेगळं आहे, घाबरू नका. पाकीट मीच चिकटवते म्हणून मागून घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या जिज्ञासाकडे आणलं. ही बदलापूरला औषधांच्या कंपनीत आहे, लिहिते छान, ऱ्हस्व-दीर्घ तिच्या मनाने. तिला शपथ घातलीय. पुढच्या महिन्यात ती बदलापूरलाच राहायला जाणार आहे, म्हणजे गुपितही गावाबाहेर जाईल.

त्या कागदावर सही करू नका. म्हातारपणी खोटी शपथ कशाला घेता? चिमी बाई आहे की नाही हे जगात आता दोघांनाच ठाऊक आहे. ब्रश तुमच्या हातात होता आणि रंगाचा डबा यांच्या. माझा बाप मला चिमी म्हणायचा. भाऊ आक्का म्हणायचे, म्हणून अण्णाला ते नाव कधी कळलं नाही. तांदळात बनू लिहिलं त्या दिवसापासून चिमी म्हणणारं कुणी उरलं नाही. घरात सासूसासऱ्यांपुढे यांना मला बनू म्हणायचीही चोरी, जुन्या नावाने कुठले हाक मारणार? म्हणून तुमच्याकडून ते इंजिनावर लिहून घेतलं आणि मग दिवसभर सगळ्या कंपनीसमोर मोठमोठ्याने चिमी चिमी करत राहिले. पहिल्या खंडेनवमीला माझं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं आणि हळूच म्हणाले, हे तू. मला तेवढंच वाचता येतं ते म्हणून. मी तिला सवत सवत म्हणायची ते लोकांना कळू नये म्हणून, आणि यांना चिडवायला. यांना कळायचं. तुम्हालाही कळायचं, खोटं बोलू नका, फावड्याआड हसायचात.

इंजिनावरचं तर खरवडून गेलं. दगडावरचं तेवढं राहू द्या. गंधारने सगळं चुकीचं ऐकलं आणि बरोब्बर लिहिलं. 'कै.' तेवढं जरा आगाऊ लावलंय, पण दगड माझ्याहून जास्त टिकेल, ते आपोआप खरं होईल. श्रद्धांजली मी आधीच उभी राहून घेतलीय, पुढच्या वेळी कुणाला पुन्हा तसदी नको. आणि डब्याचंही काही खोटं नाही. त्या दगडावर यांचंसुद्धा नाव एकदाच आहे, माझं दोनदा.

अण्णाचा फोन आला तर नेहमीसारखं हो हो, वा वा, पेढे पाठवा म्हणून ठेवून द्या. कागदाचं काय करायचं ते मी फायरमनला सांगायला नको.

खाली सही मी स्वतः केलीय. दुसऱ्या अक्षराचा पदर जरा लांब गेलाय, जिज्ञासाचा पेन घसरतो.

चिमी